होमस्कूलिंगमध्ये मुलासाठी गणिताचा करिक्युलम कसा निवडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही होमस्कूलिंगवाले अधूनमधून भेटतो तेव्हा नवीन आलेले आईबाबा भाषा, विज्ञान, इतिहास याबद्दल फारसं विचारत नाहीत, ते जमेल असं त्यांना वाटत असतं, पण गणिताचा विषय निघाला की सगळे खुर्च्या पुढे ओढून बसतात. दरवेळी तेच प्रश्न येतात म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. मी माझ्या दोन्ही मुलांना घरी शिकवते, थोरला दहावीच्या तयारीला लागलाय, धाकटी चौथीच्या वयाची आहे, आणि दोघांची गणिताची पुस्तकं पूर्ण वेगळी आहेत.

सगळ्यात चांगला करिक्युलम कुठला? एकच नाव सांगा ना.

नाव सांगून उपयोग नाही, कारण एकाच पुस्तकावर एक मूल खूश असतं आणि त्याच्याच पाठची बहीण वैतागते. तीन गोष्टी बघा. मुलाला आत्ता खरंच काय येतंय, नवीन गोष्ट त्याच्या डोक्यात कशी शिरते (हातात वस्तू घेऊन, चित्र बघून, की नुसतं ऐकून), आणि शेजारी बसणाऱ्या माणसाकडे रोज किती वेळ आणि धीर आहे. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात. पुस्तक कितीही भारी असो, त्यात आईने रोज पाऊण तास खेळ मांडून शिकवायचं असेल आणि आई अर्धा दिवस ऑफिसच्या कॉलवर असेल तर ते पुस्तक कपाटातच राहणार.

मूल आठ वर्षांचं आहे म्हणजे तिसरीचं पुस्तक घ्यायचं, बरोबर ना?

नाही, प्लीज असं करू नका. वय बघून पुस्तक घेतलं की दोन महिन्यांनी एकतर मूल कंटाळतं नाहीतर रडकुंडीला येतं. मॅथ मॅमथ, सॅक्सन, सिंगापूर मॅथ या सगळ्या परदेशी करिक्युलमच्या प्लेसमेंट टेस्ट (मूल कुठल्या पातळीवर आहे ते बघायच्या चाचण्या) त्यांच्या साइटवर फुकट मिळतात, त्यातली एखादी प्रिंट काढा. मार्कांपेक्षा मूल सोडवताना काय करतंय ते शेजारी बसून बघा, मध्ये बोलू नका, भुवयासुद्धा उंचावू नका.

एक उदाहरण देते, हे बऱ्याच घरात दिसतं. ५२ वजा २७. मूल उत्तर लिहितं ३५. तुम्ही म्हणाल हातचा विसरला, परत समजावते. पण त्याने काय केलंय बघा, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून छोटा वजा करायचा एवढाच नियम त्याच्याकडे आहे. त्याच्या दृष्टीने ५२ ही एक संख्या नाहीच, शेजारी शेजारी ठेवलेले दोन आकडे आहेत. अशा मुलाला हातच्याची आणखी पन्नास गणितं दिली तरी तो फार तर रीत पाठ करेल. आइस्क्रीमच्या काड्या घ्या, दहा-दहाचे गठ्ठे रबर बँडने बांधा, पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा यातल्या मला सत्तावीस दे. दोन गठ्ठे तो लगेच देतो, मग सात सुट्या द्यायची वेळ येते आणि हातात दोनच असतात, तिथे तो थांबतो, इकडे तिकडे बघतो, आणि बहुतेक मुलं स्वतःहूनच एका गठ्ठ्याचं रबर सोडतात. दशक सुटा करणं म्हणजे काय ते त्या क्षणी कळतं. ज्या मुलाला इथे अडचण आहे त्याचं वय नऊ असलं तरी दुसरीच्या मध्यापासून सुरू करा, पाया पक्का असेल तर पुढचं पटापट होतं.

मास्टरी आणि स्पायरल हे काय प्रकरण आहे?

मास्टरी म्हणजे एकच विषय धरायचा आणि तो पूर्ण मुरेपर्यंत सोडायचा नाही. मॅथ-यू-सी याचं ठळक उदाहरण, त्यांच्या लेव्हलना ग्रीक अक्षरांची नावं आहेत, गॅमामध्ये गुणाकार, डेल्टामध्ये भागाकार, एप्सिलॉनमध्ये अपूर्णांक. स्पायरल म्हणजे सगळं थोडं थोडं, परत परत. सॅक्सनमध्ये रोज नवीन गोष्ट चिमूटभरच असते आणि खाली तीसेक मिश्र गणितं, त्यातली बरीचशी आधीच्या धड्यांवरची, आणि दर काही धड्यांनी टेस्ट.

जे मूल शिकलेलं महिन्याभरात विसरतं त्याला स्पायरल बरं पडतं, रोज उजळणी आपोआप होते. ज्या मुलाला विषय सारखा बदलला की गोंधळायला होतं किंवा जे एका गोष्टीत रमून जातं त्याला मास्टरी द्या. माझा थोरला दुसऱ्या प्रकारचा, भागाकार चालू असताना मध्येच घड्याळाचं गणित आलं की तो चिडायचा. धाकटीला मात्र तीच तीच गोष्ट सलग चार दिवस दिली की ती खिडकीबाहेर बघत बसते. मास्टरी घेतलीत तर आठवड्यातून एक दिवस जुन्याची उजळणी ठेवा, नाहीतर अपूर्णांक शिकेपर्यंत घड्याळ विसरलेलं असतं.

बालभारती किंवा एनसीईआरटी वापरली तर चालतं का? ती शाळेची पुस्तकं आहेत ना.

चालतं काय, छान चालतं. दोन्हीच्या पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट आहेत, त्यामुळे दोन-चार धडे प्रिंट करून बघायला काही लागत नाही. एनसीईआरटीची नवी पुस्तकं आली आहेत, पहिली-दुसरीची जॉयफुल मॅथेमॅटिक्स २०२३ मध्ये, मग तिसरीचं मॅथ्स मेला आणि सहावीचं गणित प्रकाश २०२४ मध्ये, बाकीच्या इयत्ता त्यानंतर. गणित प्रकाशची सुरुवातच पॅटर्नपासून होते, आणि सहावीच्या त्याच पुस्तकात ६१७४ चा खेळ आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, त्यांनी हा शोधला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. समजा ३५२४. तेच अंक मांडून मोठ्यातली मोठी संख्या ५४३२, लहानात लहान २३४५, वजा केले की ३०८७. परत ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. परत ८५३२ वजा २३५८, आले ६१७४, आणि आता कितीही वेळा करा तेच येणार. हे धाकटीला दाखवलं तर तिने वहीची पानंच्या पानं भरली. वजाबाकीचं वर्कशीट दिलं असतं तर तिने त्यातलं निम्मंसुद्धा केलं नसतं.

बालभारतीची भाषा सोपी आहे, मांडणी स्वच्छ आहे, मराठीतून शिकवणाऱ्यांसाठी तर दुसरा एवढा पूर्ण संच नाहीच. दोन्हीत एक गोष्ट कमी पडते ती सरावाची. ही पुस्तकं वर्गात शिक्षक आहेत असं धरून लिहिलेली असतात, बरंचसं काम फळ्यावर होईल हे गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे घरी जोडीला एखादं सरावाचं वर्कबुक लागतंच.

सिंगापूर मॅथचं एवढं कौतुक का?

सिंगापूरने ऐंशीच्या दशकात स्वतःची प्राथमिक गणिताची पुस्तकं तयार केली, आणि १९९५ च्या टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्यांची चौथी आणि आठवी दोन्हीकडची मुलं पहिली आली, तेव्हापासून जगभर बोलबाला झाला. पद्धत अशी की आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे.

त्यातलं बार मॉडेल मला फार आवडतं. राधाकडे मीनापेक्षा १२ बोरं जास्त आहेत, दोघींकडे मिळून ४८, तर मीनाकडे किती? बहुतेक मुलं ४८ चे निम्मे करून २४ मधून १२ वजा करतात आणि १२ म्हणतात. दोन पट्ट्या काढायला लावा, एकाखाली एक, राधाची पट्टी लांब, जास्तीच्या तुकड्यावर १२ लिहायचं. आता तो तुकडा झाकला की उरलेल्या दोन पट्ट्या सारख्या दिसतात, त्या मिळून ३६, म्हणजे मीनाची १८. एक्स-वाय माहीत नसलेलं दहा वर्षांचं पोर बीजगणिताचं गणित सोडवतं. तुम्ही दुसरा कुठलाही करिक्युलम घ्या, बार मॉडेल मात्र शिकून घ्या आणि शिकवा.

कुणाला जमत नाही? ज्यांना शाब्दिक गणितं वाचायचाच कंटाळा आहे त्यांना, आणि ज्या घरात इंग्रजी अजून कच्चं आहे तिथे, कारण अडचण गणिताची की भाषेची हेच कळेनासं होतं.

परदेशी पुस्तकं घेतली तर काय काय खटकतं?

अमेरिकन पुस्तकात इंच, फूट, पाउंड, क्वार्टर आणि डाइम येतात, आपल्या मुलाने डाइम कधी बघितलेला नसतो. मोठ्या संख्यांमध्ये स्वल्पविराम वेगळ्या जागी येतो, आपण १०,००,००० लिहितो, ते १,०००,००० लिहितात, आणि लाख-कोटी तर नाहीतच. नाण्यांचे धडे सरळ सोडा आणि त्याऐवजी मुलाला भाजी आणायला पाठवा, एकक-दशक ते लाख-कोटी अशा अंकांच्या स्थानिक किमतीचा धडा मात्र बालभारतीतून करा. सिंगापूरची मापं मेट्रिक असल्यामुळे तेवढा त्रास कमी, पण सिंगापूर मॅथच्याही अमेरिकन आवृत्त्या निघतात, घेताना बघून घ्या. छापील संच मागवला की शिपिंग पुस्तकाएवढं होऊन बसतं, म्हणून पीडीएफ मिळणारे करिक्युलम (मॅथ मॅमथ त्यातला) आपल्याकडे जास्त चालतात. भारताबाहेर राहणाऱ्या मराठी घरांना याचं उलटं करावं लागतं, तिथलं पुस्तक चालू ठेवून लाख-कोटी बाजूने शिकवायचे, आजी-आजोबांशी बोलताना लागतात.

शिकवायचं मराठीत की इंग्रजीत?

घरात ज्या भाषेत भांडता त्या भाषेत. संकल्पना तिथेच पक्की होते, नंतर इंग्रजी शब्द शिकायला फार वेळ लागत नाही. एक खरी अडचण आहे ती म्हणजे मराठी संख्यावाचन. सत्तावीस ऐकताना आधी सात मग वीस, आणि एकोणतीस तर तिसाच्या नावाने, त्यामुळे लहान मुलं २७ च्या जागी ७२ लिहितात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस सात अशा वाचनाची जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांना कितीतरी ठिकाणी जाऊन बाजू मांडावी लागली. मला ती पद्धत पटली होती आणि आजही पटते. सुरुवातीला वीस सात म्हणू द्या, सोबत सत्तावीसही म्हणा, दोन्ही नावं कानावर राहतात आणि काही महिन्यांत पोर आपोआप सत्तावीसवर येतं.

पाढे पाठ करून घ्यायचे का? परदेशी करिक्युलममध्ये तर तसं काही दिसत नाही.

घ्यायचे. दहापर्यंत तरी पक्के हवेतच, कारण पुढे अपूर्णांकात छेद सारखे करताना आठ सत्ते किती यावर अडकलं की मूळ गणितच डोक्यातून निघून जातं. फक्त आधी गुणाकार म्हणजे काय ते कळू दे. चिंचोक्यांच्या ओळी मांडा, सातच्या तीन ओळी, मग तीनच्या सात ओळी, एकवीसच. हे एकदा दिसलं की पाठांतर निम्म्यावर येतं. म्हणायचे मात्र मोठ्याने, चालीत, बे एके बे, जेवायच्या आधी, गाडीत, कुठेही.

आमचं मूल गणित म्हटलं की रडतं. आत्ताच शाळेतून काढलंय.

मग आत्ता करिक्युलम घेऊच नका. काही आठवडे, लागलं तर काही महिने, पुस्तक बंद. पत्ते खेळा, व्यापार खेळा, पोळ्या लाटताना चतकोर-अर्धी करा, किराण्याची यादी त्याच्याकडून लिहून घ्या. आईबाबांना वाटतं मागे पडेल, पण आठ-दहा वर्षांच्या मुलाचा थोडासा सिलॅबस लवकर भरून निघतो, मनातली भीती मात्र तशी लवकर निघत नाही.

नंतर पुस्तक निवडताना पानावर कमी गणितं, मोठा टाइप, भरपूर मोकळी जागा असलेलं बघा. टायमर लावणारी ड्रिल या मुलांना अजिबात नको. राइटस्टार्ट हा करिक्युलम अशा मुलांसाठी मला चांगला वाटतो, वर्कशीट कमी, पत्त्यांचे खेळ जास्त आणि पाच-पाचच्या गटात रंगवलेल्या मण्यांची फ्रेम असते, पण तुमचा वेळ भरपूर जाईल हे धरून चला. तो महाग पडत असेल तर शंभर मण्यांची गणितमाळ घरी ओवा, दहा लाल, दहा पांढरे, दहा लाल, असं करत. ४८ ला क्लिप लावा आणि विचारा ५० ला किती कमी. हे महिनाभर चाललं तरी हरकत नाही.

आणि खरंच काही केल्या आकडे बसत नसतील, सहा आणि नऊ सतत उलट पडत असतील, बोटं मोजल्याशिवाय ३ + २ सुद्धा येत नसतील आणि मूल नऊ-दहाचं झालं असेल, तर डिस्कॅल्क्युलियाची (आकडे आणि गणित शिकण्यातल्या अडचणीची) तपासणी करून घ्या. पुस्तकं बदलत बसण्यात वर्षं घालवू नका.

आणि मूल खूप पुढे असेल तर?

पुढच्या इयत्तेत ढकलायच्या आधी आहे तिथेच खोल न्या. बीस्ट अॅकॅडमीची पुस्तकं कॉमिक्सच्या रूपात आहेत, पात्रं सगळी राक्षसांची पिल्लं, आणि गणितं अशी की हुशार पोरालाही पंधरा मिनिटं एका गणितावर बसावं लागतं. हे बसणं त्याला यायला हवं. ज्याला सगळं पटकन जमत आलंय त्याला पहिल्यांदा अडलं की हात-पाय गाळायला होतं, ते लहान वयात झालेलं बरं. एकच बघा, मूल परफेक्शनवालं असेल, एक चूक झाली की वही फेकणारं, तर बीस्ट अॅकॅडमी हळूहळू द्या, आठवड्यातून दोन दिवस, बाकीचे दिवस सोपं पुस्तक.

मलाच गणित येत नाही. मी कशी शिकवणार?

प्राथमिकपर्यंत तुम्ही शिकवू शकता, खरंच. फक्त पालकांसाठी नीट लिहिलेलं मार्गदर्शक असलेला करिक्युलम घ्या, म्हणजे काय बोलायचं, कुठली वस्तू पुढे ठेवायची, मूल चुकलं तर काय विचारायचं हे दिलेलं असतं. मॅथ-यू-सीमध्ये पालकांसाठी व्हिडिओ असतो, आदल्या रात्री बघून ठेवा. मॅथ मॅमथचं पुस्तक मुलाशीच बोलतं, वाचता येणारं मूल बरंच एकट्याने करतं. एवढं मात्र सांभाळा, मुलासमोर "मला पण गणित कधी जमलंच नाही" असं म्हणू नका, ते वाक्य पोरं उचलतात आणि अडलं की तेच सांगतात.

आठवीनंतर मदत घ्या, नात्यातले कुणी, ओळखीचे निवृत्त शिक्षक. आमच्या थोरल्याला भूमितीच्या सिद्धता शेजारचे काका शिकवतात, इंजिनिअर होते, दोघांचं छान जमतं.

नुसत्या अॅपवर किंवा खान अॅकॅडमीवर होईल का?

खान अॅकॅडमी फुकट आहे, समजावून चांगलं सांगतात, अडलेला एखादा मुद्दा बघायला उत्तम. पण मुख्य करिक्युलम म्हणून लहान मुलांना देऊ नका. स्क्रीनवर उत्तर चुकलं की मूल दुसरं बटण दाबतं, तिसरं दाबतं, एक बरोबर येतंच. ५२ वजा २७ मध्ये ३५ कुठून आलं हे अॅपला कळत नाही, शेजारी बसलेल्या माणसाला कळतं.

रोज किती वेळ?

सहा-सात वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं पुष्कळ. दहाव्या वर्षी चाळीसेक. सकाळी, डोकं ताजं असताना. रविवारी चार तास बसवण्यापेक्षा रोजचं थोडं.

दहावीचं काय? तिथे तर बोर्ड लागणारच.

हा प्रश्न पहिलीतच विचारणारे पालक भेटतात, त्यांना सांगते की सहावीपर्यंत निवांत राहा. सातवी-आठवीत मात्र ठरवा कारण वाटा वेगळ्या आहेत.

एनआयओएस म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयातून दहावी करता येते, वय चौदा पूर्ण हवं, परीक्षा वर्षातून दोनदा होतात, मराठी माध्यमही आहे. त्यांच्या गणितात बीजगणित, भूमिती, त्रिकोणमितीबरोबर व्यावहारिक गणितही आहे, नफा-तोटा, व्याज वगैरे. एनआयओएसमध्ये दहावीला गणित सक्तीचं नाही, पाच विषय आपण निवडतो, आणि त्यामुळे काही जण ते टाळतात. मूल कलाशाखेकडे जाणार हे पक्कं असेल तर ठीक, पण सायन्स, कॉमर्सचा थोडा जरी विचार असेल तर गणित घ्याच, अकरावीला प्रवेशाच्या वेळी धावपळ करण्यात अर्थ नाही. राज्य मंडळाला सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येतं, तिथे गणिताचे दोन पेपर, भाग एक बीजगणित आणि भाग दोन भूमिती, प्रत्येकी ४० मार्कांचे, आणि भूमितीत सिद्धता नीट पायऱ्यांनी लिहाव्या लागतात. परदेशी मास्टरी करिक्युलमवर वाढलेली मुलं तिथे अडखळतात, म्हणून या वाटेने जायचं असेल तर नववीपासून बालभारतीचीच पुस्तकं घ्या. आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिजची आंतरराष्ट्रीय दहावी, ही तिसरी वाट, खर्चिक आहे. त्यात कोअर आणि एक्स्टेंडेड असे दोन प्रकार असतात, कोअरमध्ये कितीही चांगलं लिहिलं तरी सीच्या वर ग्रेड मिळत नाही, त्यामुळे पुढे गणित घ्यायचं असेल तर एक्स्टेंडेडच. आणि २०२५ पासून एक पेपर कॅल्क्युलेटरशिवाय आहे, तेव्हा तोंडी हिशेबाची सवय सोडू नका.

फॉर्मच्या तारखा आणि अटी बदलत असतात, ज्या वर्षी बसायचं त्या वर्षीचं प्रॉस्पेक्टस स्वतः वाचा, कुणाच्या फॉरवर्डवर विसंबू नका.

घेतलेला करिक्युलम जमत नाहीये, बदलू का?

आधी पाहा की अडचण पुस्तकाची आहे की त्या एका धड्याची. भागाकार आणि अपूर्णांक इथे जवळजवळ सगळी मुलं अडतात, तिथे पुस्तक बदललं तर नवीन पुस्तकातही तेच येणार. दोन आठवडे थांबा, काड्या-चिंचोके बाहेर काढा. तरी रोज रडारड होत असेल तर जरूर बदला, पैसे गेले म्हणून ताणू नका. मास्टरीवरून स्पायरलवर जाताना प्लेसमेंट टेस्ट पुन्हा घ्या, कारण मॅथ-यू-सीचा गॅमा संपवलेल्या मुलाला गुणाकार झकास येतो पण अपूर्णांक त्याने पाहिलेलेच नसतात, आणि नव्या पुस्तकात ते दुसऱ्याच आठवड्यात समोर येतात.

विकत घेण्याआधी ट्राय कसं करायचं?

जवळजवळ सगळ्यांची नमुना पानं साइटवर असतात. पहिला धडा प्रिंट करू नका, तो नेहमीच गोड असतो. मधला एखादा घ्या, मुलाला थोडं येतंय आणि थोडं नवीन आहे असा, आणि तीन-चार दिवस खरोखर करून बघा. मूल पानाकडे बघून काय म्हणतं ते ऐका, तुम्हाला समजावताना शब्द सापडतात का ते बघा, उत्तरं वेगळी दिली आहेत का तेही तपासा (नसतील तर सहावीनंतर रोज रात्री तुम्हालाच सगळं सोडवावं लागतं). ओळखीत कुणाकडे जुना संच असेल तर आठवडाभर मागून आणा. होमस्कूलिंगवाल्या घरांमध्ये अर्धवट वापरलेली वर्कबुकं भरपूर पडून असतात, लोक आनंदाने देतात.